कुत्र्याचें पिलूं आणि त्याचे दांत

गेल्या जानेवारीच्या अखेरीस एके दिवशीं मधल्या सुटींत आठवीच्या वर्गांतील एक विद्यार्थी शिक्षकांच्या खोलीच्या दारांत येऊन घुटमळत उभा राहिला. "काय रे बाळ, काय झालें?" असें मीं विचारतांच त्याचे डोळे भरून आले. "सर, पप्पा आज संध्याकाळीं आमच्या मोत्याला नदीपलीकडे सोडून येणार आहेत. तो सकाळीं छकुलीला चावला. पण सर, तो रागानें चावला नाहीं. खेळतां खेळतां चावला." मोत्या म्हणजे अवघें ९ आठवड्यांचें गांवठी पिलूं, व छकुली म्हणजे या मुलाची पांच वर्षांची बहीण, हें मला चौकशीअंतीं कळलें.

खेळतांना न चावण्याचें शिक्षण पिलास कसें द्यावें, हा या लेखाचा विषय आहे. कित्येकांस तो क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या घरांत लहान मूल व पिलूं एकत्र वाढत आहेत, त्या घरांत तो क्षुल्लक नाहीं. मुलाचें अंग आणि पिलाचें आयुष्य हीं दोन्हीं त्यावर अवलंबून असतात. म्हणून विद्यार्थ्यांनीं हा लेख वाचावाच, पण घरीं नेऊन आईवडिलांसहि वाचून दाखवावा, अशी माझी विनंति आहे.

मीं त्या मुलास पहिला प्रश्न विचारिला तो पिलाविषयीं नव्हता. "जखम कशानें धुतली?" असें मीं विचारलें. "धुतली नाहीं, सर. आजीनें हळद दाबली व वर चुना लावला." येथें प्रथमच सांगून ठेवितों कीं, कुत्र्याच्या दांतानें कातडी फाटली किंवा नुसती खरचटली, तरी ती जागा ताबडतोब वाहत्या पाण्याखालीं साबण लावून १५ मिनिटें धुवावी, व त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. कुत्रें घरचें असो कीं रस्त्यावरचें, मोठें असो कीं दूधपितें, नियम हाच. हळद, चुना, तिखट, तेल यांपैकीं कांहींहि जखमेंत भरूं नये. रेबीज हा रोग एकदां अंगांत उमटला म्हणजे त्यावर अद्यापि खात्रीचा उपाय नाहीं. उमटण्यापूर्वीं वेळेवर व पुरती लस घेतली तर मात्र माणूस वांचतो. लुई पाश्चर यांनीं ६ जुलै १८८५ रोजीं पॅरिस येथें जोसेफ माइस्टर नांवाच्या नऊ वर्षांच्या मुलास आपली लस टोंचली व तो मुलगा वांचला. त्यानंतर पंधराच वर्षांनीं, म्हणजे १९०० सालीं, आपल्या देशांत कसौली येथें पाश्चर इन्स्टिट्यूट निघाली. असें असूनहि जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें या रोगानें जगांत जे मृत्यु होतात, त्यांपैकीं एकतृतीयांशाहून अधिक भारतांत होतात, व त्यांत मुलांची संख्या मोठी असते. उपाय हाताशीं असतां वेळ दवडला जातो, हें याचें एक मोठें कारण होय.

मुलाच्या वडिलांस निरोप धाडिला. ते लगबगीनें आले. मुलीस दवाखान्यांत नेण्याचें त्यांनीं तत्काळ कबूल केलें, पण जातां जातां म्हणाले, "सर, त्या कुत्र्याची रदबदली मात्र करूं नका. कुत्र्याचें शेपूट नळींत घातलें तरी वांकडें तें वांकडेंच. जात्याच चावरें आहे तें." मी म्हणालों, "आपण आधीं दवाखान्यांत जा. पिलाचें मागाहून पाहूं."

सरकारी दवाखान्यांतील डॉक्टरांनीं जखम पुन्हां स्वच्छ धुतली, लस टोंचली, पुढच्या तारखा लिहून दिल्या, व मग पिलाची चौकशी केली. "तें घरींच बांधून ठेवा व रोज नीट पाहा. दहा दिवस तें निरोगी राहिलें, तर चावलें त्या वेळीं त्याच्या लाळेंत रोग नव्हता असें समजतां येईल. सोडून दिलेंत तर हें कधींच कळावयाचें नाहीं," असें त्यांनीं बजाविलें. लस मात्र या दहा दिवसांसाठीं थांबवावयाची नसते. ती चालूच राहते. अशा रीतीनें मोत्यास दहा दिवसांची मुदत मिळाली. या मुदतींत कोणींहि त्याच्याशीं हातानें खेळावयाचें नाहीं असें ठरलें; आणि मुलगा रोज शाळा सुटल्यावर माझ्याकडे येऊन पुढें काय करावयाचें तें शिकूं लागला. त्यास जें सांगितलें, तेंच येथें क्रमानें लिहितों.

पहिला प्रश्न असा कीं, पिलूं चावतें कां? पिलूं जन्मास येतें तेव्हां आंधळें, बहिरें व बोळकें असतें. दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास त्याचे डोळे उघडतात, तिसऱ्या आठवड्यांत दुधाचे दांत डोकावूं लागतात, व आठव्या आठवड्याच्या सुमारास ते एकंदर २८ होतात. माणसाचें मूल नवी वस्तु हातानें चांचपून पाहतें. पिलास हात नाहींत. वस्तु मऊ कीं कठीण, जिवंत कीं निर्जीव, पळणारी कीं पडून राहणारी, हें सारें तें तोंडानेंच विचारतें. भावंडांशीं खेळावयाचें तेंहि तोंडानेंच. तेव्हां आपल्या बोटांस, परकराच्या घेरास किंवा चपलेच्या पट्ट्यास तें दांत लावितें, तें आपला द्वेष करितें म्हणून नव्हे. त्याच्या भाषेंत तें आपल्यास खेळावयास बोलावीत असतें.

आतां दुधाच्या दांतांविषयीं एक चमत्कारिक गोष्ट पाहा. हे दांत सुईसारखे अणकुचीदार असतात, पण त्यांच्या मागचा जबडा दुबळा असतो. यांत पिलाची मोठी सोय आहे. दांत अणकुचीदार असल्यामुळें थोडा जोर लागला तरी समोरच्यास दुखतें व तो लागलाच ओरडतो. जबडा दुबळा असल्यामुळें इजा मात्र सहसा मोठी होत नाहीं. म्हणजे अंगांत बळ येण्यापूर्वींच, "किती जोर म्हणजे फार" हा धडा त्यास घेतां येतो. चौथ्या महिन्याच्या सुमारास हे दांत पडूं लागतात व सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत ४२ कायमचे दांत येतात. त्या दांतांच्या मागें हाड फोडणारा जबडा असतो. तोंवर धडा पाठ झालेला असला पाहिजे.

हा धडा देणारी पहिली शाळा म्हणजे पिलाची आई व भावंडें. एकाच वेताचीं चार-पांच पिलें खेळत असतांना कोणी बाजूस उभें राहून पाहिलें, तर ही शाळा सहज दिसते. एक पिलूं दुसऱ्याचा कान धरितें. जोर बेताचा असला तर खेळ चालूं राहतो. जोर अधिक झाला कीं दुसरें केकाटतें, अंग सोडवून घेतें व दूर जाऊन बसतें. चावणारें पिलूं क्षणभर गोंधळून एकटेंच उभें राहतें. पुढच्या खेपेस तें कान जरा हलका धरितें; न धरिलें तर पुन्हां एकटें पडतें. दूध पितांना आईस दांत लागले तर ती उठून चालूं लागते व दूध बंद होतें. या शाळेंत छडी नाहीं, व्याख्यानहि नाहीं. पिलास खेळ हवा असतो, व जोर केल्यास खेळ संपतो, एवढा एकच नियम दिवसांतून शेंकडों वेळां अनुभवास येतो. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १८९८ सालीं मांजरांवर प्रयोग प्रसिद्ध केले, व त्यांवरून पुढें असा सिद्धांत मांडिला कीं, ज्या कृतीचें फळ गोड लागतें ती कृति प्राणी पुन्हां करितो, व जिचें फळ कडू किंवा निष्फळ ती हळूहळू सोडून देतो. पिलांची आई हा सिद्धांत न वाचतां चालवीत असते.

अमेरिकेंतील बार हार्बर येथें जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर या दोन शास्त्रज्ञांनीं कुत्र्यांचीं अनेक पिलें जन्मापासून पाहून १९६५ सालीं एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. तिसऱ्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिलाच्या स्वभावाच्या घडणीस फार महत्त्वाचा असतो, असें त्यांस आढळून आलें. म्हणून ८ आठवडे पुरे होण्यापूर्वीं पिलास आईपासून तोडूं नये, असें आज जाणते लोक सांगतात.

हें ऐकून माझा विद्यार्थी खालीं पाहूं लागला. पिठाच्या गिरणीमागें एक कुत्री व्याली होती, तेथून त्यानें मोत्यास नाताळच्या सुटींत शर्टाखालीं घालून आणिलें होतें. तेव्हां मोत्या जेमतेम ५ आठवड्यांचा होता. "म्हणजे सर, चूक माझीच का?" असें त्यानें विचारिलें. मी म्हणालों, "तूं मायेनेंच आणिलेंस. पण त्याची शाळा मध्येंच सुटली. आतां राहिलेले धडे तुलाच द्यावे लागतील."

दुसरी गोष्ट, खेळणें व रागावणें यांतील फरक ओळखावयास शिकलें पाहिजे. खेळावयास निघालेलें पिलूं पुढचे पाय जमिनीशीं टेकवून छाती खालीं नेतें, मागचा भाग वर ठेवितें, शेपूट हालवितें, व अंग सारें सैल सोडतें. ही त्याची खेळाची मुजऱ्याची रीत आहे. मार्क बेकॉफ या शास्त्रज्ञानें १९९५ सालीं असें दाखविलें कीं, खेळांत जोराचा, मान झटकून घेतलेला चावा यावयाचा असला म्हणजे त्याच्या आगेंमागें हा मुजरा विशेष आढळतो. जणूं "गैरसमज नको, हा खेळच आहे" असें सांगण्यासाठीं. खेळतांना पिलूं गुरगुरतेंहि. त्याला भिऊं नये. परंतु अंग ताठ झालें, नजर एका जागीं खिळली, ओठ मागें गेले, किंवा अन्नाच्या ताटलीपाशीं कोणी येतांच पिलूं थिजलें, तर तो खेळ नव्हे. तेव्हां घरगुती शिक्षणावर विसंबून न राहतां जनावरांच्या डॉक्टरांस दाखवावें.

आतां प्रत्यक्ष शिक्षण. मूळचे इंग्लंडचे व पुढें अमेरिकेंत काम केलेले पशुवैद्य आयान डनबर यांनीं एक शहाणपणाची गोष्ट शिकविली आहे. पिलानें तोंड मुळींच लावूं नये हें पहिल्याच दिवशीं शिकवूं नये. आधीं जोर कमी करावयास शिकवावें, व मग तोंड लावणें कमी करावयास शिकवावें. याचें कारण असें: मोठेपणीं कुत्र्याच्या शेपटीवर दारांत पाय पडला किंवा दुखऱ्या कानास हात लागला, तर गरीब कुत्रेंहि दचकून तोंड टाकतें. ज्यानें लहानपणीं जोर मोजावयास शिकून घेतलें आहे, त्याचे दांत नुसते लागतात. ज्यास तोंड लावूंच दिलें नाहीं, त्यास आपल्या जबड्याचें बळ ठाऊकच नसतें. दांतांचा आवर हा धडा म्हणून आधीं.

तेव्हां क्रम असा. घरांतील जाणत्या माणसानें पिलाशीं बसून शांतपणें खेळावें. दांत जोरानें लागतांच हात झटक्यानें ओढूं नये. ओढल्यानें कातडी फाटते, व पळती वस्तु पाहून पिलास अधिक जोर येतो. हात सैल व निर्जीव ठेवावा, "आई ग!" असा एक आवाज काढावा, आणि पिलानें सोडतांच उठून पाठ फिरवावी. २०-३० सेकंद त्याच्याकडे पाहूं नये, बोलूं नये. मग पुन्हां खेळ सुरू करावा. कांहीं पिलें असा आवाज ऐकून उलट अधिक चेकाळतात. त्यांच्याबाबतींत आवाज गाळावा व मुकाट्यानें उठून जावें. उठलें तरी पिलूं पायांत घुटमळून चावूं लागलें, तर दाराबाहेर किंवा लहानशा फळीपलीकडे जाऊन उभें राहावें. हें करण्यांत रागाचा लेशहि नसावा. शिक्षा एवढीच कीं खेळ थांबला.

पहिल्या आठवड्यांत फक्त दुखेल अशा चाव्यास खेळ थांबवावा. जोराचे चावे संपले कीं बेताच्या चाव्यासहि थांबवावा. पुढें नुसते दांत दाबले तरी थांबवावा. शेवटीं, "सोड" म्हणतांच तोंड काढून घेणें व आपण होऊन माणसाच्या अंगास तोंड न लावणें, येथवर यावें. पायऱ्या अशा चढल्या म्हणजे पिलास कळतात.

याच्याच जोडीला मुठीचा एक धडा आहे. भाकरीचा लहानसा तुकडा मुठींत धरून मूठ पिलापुढें करावी. पिलूं प्रथम दांत लावील, पंजे मारील; मूठ उघडूं नये. केव्हां तरी तें थांबेल किंवा चाटूं लागेल. त्याच क्षणीं मूठ उघडून "शाबास" म्हणावें. दिवसांतून दोनतीन वेळां, प्रत्येक वेळीं पांच मिनिटें, एवढें पुरे. दांतानें मूठ मिटते व जिभेनें उघडते, हें पिलूं फार लौकर शिकतें.

नुसतें "नको" सांगून भागत नाहीं. काय चालेल तेंहि दिलें पाहिजे. जुन्या सुती कापडास गांठी मारून केलेली दोरी पिलास फार आवडते. दांत येण्याच्या दिवसांत ती भिजवून थंड करून दिली तर हिरड्यांसहि बरें वाटतें. खेळतांना ही दोरी आपल्या हाताच्या व त्याच्या दांतांच्या मध्यें असावी. बोटें नाचवून पिलास चिडविणें ही मुलांची आवडती करमणूक असते. पण ज्या बोटांवर झडप घालावयास आपणच शिकविलें, त्यांवर तें झडप घालूं लागलें म्हणजे त्यास कां रागवावें? त्याचप्रमाणें जुनी चप्पल किंवा मोजा खेळावयास देऊं नये. जुनी कोणती व नवी कोणती हें त्यास कळत नाहीं. शिजविलेलीं हाडें तर देऊंच नयेत. त्यांच्या अणकुचीदार चिरफाळ्या होऊन घशांत व आंतड्यांत रुततात.

लहान मुलें धांवतात, किंचाळतात, व त्यांचे परकर-फ्रॉक हालतात. पिलास यासारखी दुसरी मौज नाहीं. छकुलीस मीं एकच गोष्ट शिकवावयास सांगितली: पिलूं अंगावर आलें कीं झाड व्हावयाचें. पाय जुळवावे, हात छातीशीं घ्यावे, वर पाहावें, व मोठ्या माणसास हांक मारावी. पिलास झाडाशीं खेळतां येत नाहीं. तरीपण मोठें माणूस जवळ असल्याशिवाय लहान मूल व पिलूं यांस एकत्र सोडूं नये, हा नियम पिलूं कितीहि गरीब असलें तरी मोडूं नये. दोघेंहि अजाण असतात.

आणखी एक कारण पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. लहान पिलूं दिवसाच्या २४ तासांपैकीं १८ ते २० तास झोंप घेतें. ज्या घरांत माणसांची वर्दळ असते व प्रत्येकजण येतांजातां पिलास उचलतो, तेथें त्याची झोंप होत नाहीं. मग झोंप अपुरी झालेलें मूल जसें संध्याकाळीं किरकिर करितें, तसें पिलूं संध्याकाळीं वेड्यासारखें धांवतें व चावतें. अशा वेळीं धडा देऊं नये. त्यास पोतें घालून एका शांत कोपऱ्यांत निजूं द्यावें. माझ्या विद्यार्थ्यानें चार दिवस वहींत नोंद केली, तेव्हां मोत्याचें धांवणें व अंगावर झडपा घालणें बहुतेक संध्याकाळीं सहा ते आठच्या दरम्यान, म्हणजे सर्व मंडळी घरीं आल्यावर, चालतें असें दिसून आलें.

आतां सर्वांत कठीण भाग. तो पिलाचा नसून माणसांचा आहे. घरांतील सर्वांनीं एकच नियम पाळला पाहिजे. मुलगा खेळ थांबवितो, पण काका बोटें चावूं देऊन हंसतात, व आजी पिलूं गप्प बसावें म्हणून चावतांच भाकरी टाकते; अशा घरांत पिलूं एवढेंच शिकतें कीं, चावून पाहावें, कधींतरी लाभ होतो. दुसरें असें कीं, नियम लागूं केल्यावर पहिले कांहीं दिवस चावणें कमी होण्याऐवजीं वाढतें. इतके दिवस ज्या उपायानें खेळ मिळत होता तो एकाएकीं चालेनासा झाला, म्हणून पिलूं तोच उपाय अधिक जोरानें करून पाहतें. विझतां दिवा मोठा होतो तसा हा प्रकार आहे. बहुतेक माणसें नेमकीं याच वेळीं "हें कांहीं उपयोगाचें नाहीं" म्हणून छडी हातांत घेतात.

छडीविषयीं मी ऐकींव लिहीत नाहीं. मी दहाबारा वर्षांचा असतांना आमच्या घरीं काळू नांवाचा कुत्रा होता. पिलूं असतांना तो गुरगुरला कीं मी त्यास छडी मारीत असें, व तो पुढें गुरगुरेनासा झाला. कुत्रा सुधारला म्हणून घरांत माझें कौतुकहि झालें. दोन वर्षांनीं पाहुण्यांच्या लहान मुलानें तो खात असतां त्याच्या पाठीवर हात ठेविला. काळू न गुरगुरतां, न दांत दाखवितां, एकदम वळून त्याच्या मनगटास चावला. मुलाच्या हातास टांके घालावे लागले. दुसऱ्या दिवशीं काळूस घरांतून नेण्यांत आलें. कोठें नेलें तें मला कोणीं सांगितलें नाहीं व मीं विचारलेंहि नाहीं. आपल्यांत म्हण आहे कीं, भुंकतें कुत्रें चावत नाहीं. तिच्यांत एवढें तरी खरें आहे कीं, भुंकणें व गुरगुरणें ही कुत्र्याची सूचना आहे. ती ऐकून आपण मागें सरलों तर त्यास चावण्याचें कारण उरत नाहीं. मीं काळूचें भय घालविलें नव्हतें, त्याची सूचना देण्याची संवय तेवढी मोडली होती. छडी दिसल्यानें पिलूं गप्प होतें हें खरें; पण हात म्हणजे मार, हें एकदां त्याच्या मनांत बसलें कीं पुढें प्रेमानें पुढें केलेल्या हातासहि तें भितें, व भ्यालेलें कुत्रें चावतें.

पिलास उताणें पाडून दाबून धरावें, म्हणजे त्यास मालक कोण तें कळतें, असाहि एक समज प्रचलित आहे. त्याचें मूळ लांडग्यांविषयींच्या एका अपुऱ्या माहितींत आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनीं बासल येथें पिंजऱ्यांत एकत्र कोंडलेल्या लांडग्यांचें निरीक्षण करून १९४७ सालीं त्यांच्या वर्चस्वाच्या झगड्यांविषयीं लिहिलें, व तेंच चित्र पुढें पुष्कळ वर्षें कुत्र्यांसहि लागूं करण्यांत आलें. डेव्हिड मेक या अमेरिकन शास्त्रज्ञानें रानांतील लांडग्यांचा अनेक वर्षें अभ्यास केला. १९७० सालच्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं स्वतःहि हीच कल्पना मांडिली होती. परंतु १९९९ सालीं त्यांनींच लिहिलें कीं, रानांतील लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आईबाप व त्यांचीं मुलें यांचें कुटुंब असतें, व तेथें पुढारीपण म्हणजे आईबापपणच. आपलें जुनें मत स्वतःच दुरुस्त करणाऱ्या या विद्वानापासून आपणहि कांहीं घ्यावें.

आतां मोत्याची हकीकत पुरी करितों. दहा दिवस तो निरोगी राहिला. छकुलीनें लसीच्या सर्व तारखा पाळल्या. मोत्यास तीन महिने पुरे होतांच जनावरांच्या दवाखान्यांत नेऊन रेबीजची लस टोंचविली, व डॉक्टर सांगतील त्याप्रमाणें ती पुढेंहि टोंचवीत राहण्याचें ठरलें. मुदत संपल्यावर मुलानें धडे सुरू केले. पहिल्या आठवड्यांत चावे वाढले, व वडिलांनीं पुन्हां नदीचें नांव काढिलें. पण मुलानें त्यांस हें आधींच सांगून ठेविलें होतें, म्हणून त्यांनीं आणखी एक आठवडा दिला. आजीचें मन वळविण्यास त्याहून अधिक वेळ लागला. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस दुखेल असे चावे बंद झाले. एप्रिलमध्यें दांत पडूं लागले तेव्हां सारें कांहीं दिवस पुन्हां बिघडलें. गांठींच्या दोऱ्या वाढविल्या व मुठीचा धडा पहिल्यापासून घेतला, तेव्हां पुन्हां सुधारलें.

परवां वडील शाळेंत फी भरावयास आले होते. मीं मोत्याची खुशाली विचारिली. ते हंसून म्हणाले, "सर, शेपूट अजून वांकडेंच आहे. पण काल छकुलीच्या हातांतली भाकरी त्यानें अशी घेतली, कीं तिचें बोट ओलें झालें एवढेंच."

विद्यार्थीमित्रहो, आपल्याकडे गांवांतल्या कुत्र्या बहुधा हिवाळ्यांत वितात. तुमच्यापैकीं कित्येकांस येत्या सुटींत एखाद्या भिंतीआड किंवा गाड्याखालीं अशीं पिलें दिसतील, व त्यांतलें एखादें उचलून आणावें असें वाटेल. आईवडिलांस विचारल्यावांचून आणूं नका. व विचारून आणावयाचें ठरलें तरी ८ आठवडे पुरे होऊं द्या. तोंवर दुरूनच त्यांच्या आईपुढें पाण्याचें एक भांडें व उरलेली भाकरी ठेवा, आणि थंडीसाठीं एखादें जुनें पोतें टाका. तीं पिलें एकमेकांचे कान धरून खेळत असतील, तर त्यांचा खेळ मोडूं नका. त्यांची शाळा चालूं आहे.